रोबोटिक्सच्या तासाला निम्मी मुलं नुसती उभी राहतात? आधी हे तपासून पाहा

जुलैत नाव द्यायला झुंबड उडते. गणपतीच्या सुट्टीपर्यंत सगळी येतात. मग एकेक जण गळायला लागतो. कुणाचा क्लास असतो, कुणाचं पोट दुखतं, कुणी काहीच सांगत नाही. दिवाळीनंतर दोन मुलं टेबलावर वाकलेली, दोघं-तिघं त्यांच्या खांद्यावरून डोकावणारी आणि बाकीची खिडकीशी गप्पा मारणारी, असं चित्र असतं. विचारलं तर उत्तर ठरलेलं: "बाई, आम्हाला काही कामच नाहीये."

मी ठाण्यात, नौपाड्यातल्या एका सेमी इंग्रजी शाळेत विज्ञान शिकवते आणि सहा वर्षं रोबोटिक्सचा संघ सांभाळते. ही अडचण आमच्याकडे पहिल्या वर्षी आली, दुसऱ्या वर्षी आली आणि सुटली असं वाटत असताना चौथ्या वर्षी परत आली. वाशी, नेरूळच्या शाळांतल्या मैत्रिणींशी बोलले, त्यांच्याकडेही तेच. म्हणून काय करून पाहिलं, काय फसलं आणि काय टिकलं ते लिहिते आहे.

आधी मोजा, मग रागवा

पहिली दोन वर्षं मी मुलांनाच बोल लावले. यांना आवड नाही, यांना नुसतं सर्टिफिकेट हवंय, असं शिक्षकखोलीत बोलूनही दाखवलं. तिसऱ्या वर्षी एका शनिवारी मी काहीच शिकवलं नाही. कोपऱ्यातल्या स्टुलावर वही घेऊन बसले आणि दर पाच मिनिटांनी मान वर करून एवढंच पाहिलं, की दहांपैकी कुणाचे हात किंवा डोकं कामात आहे. दीड तासात अठरा वेळा नोंद केली. दोघं प्रत्येक नोंदीत होते, तिघं अधूनमधून, आणि पाच जण एकाही नोंदीत नव्हते. त्या पाचांतली चौघं वेळेवर आली होती आणि शेवटपर्यंत थांबली होती. आवड नसलेलं मूल शनिवारी दुपारी दीड तास उभं राहत नाही.

मग खोलीतल्या कामाच्या जागा मोजल्या. लॅपटॉप एक, त्याच्यासमोर दोघं मावतात. रोबो एक, त्याला हात लावायला दोघं. सरावाचं टेबल एक. पण रोबो टेबलावर धावत असला की बांधणारे रिकामे, रोबो उघडून ठेवला की टेबल रिकामं, आणि प्रोग्राम तयार होईपर्यंत दोन्हीकडचे थांबलेले. म्हणजे खरं पाहता एका वेळी काम चारच जणांना. चार जागांवर दहा मुलं आणली की सहा उभी राहणारच, मग ती कितीही गुणी असोत. हे वहीत लिहिलेलं पाहिलं तेव्हा आधीच्या दोन वर्षांत मी ज्यांना बोलले होते त्या मुलांचे चेहरे आठवले.

तुमच्याकडे हेच होतंय का हे ओळखायला एक सोपी परीक्षा आहे. प्रत्येकाच्या नावापुढे एका प्रश्नाचं उत्तर लिहा: हे मूल उद्या आलं नाही तर काय अडेल? उत्तर "काहीच नाही" असेल तर त्या मुलाला काम दिलेलंच नाही, हजेरी लागते एवढंच. आणि उत्तर "सगळंच" असेल, तर तीही त्याच दुखण्याची दुसरी बाजू आहे. आमच्या नववीतल्या एका मुलाला ऑक्टोबरात डेंग्यू झाला. प्रोग्राम कुठला चालू, कुठला जुना, कुठल्या पोर्टला (तार लावायच्या खाचेला) कुठली मोटर, सगळं त्याच्या डोक्यात. फायलींची नावं "फायनल", "फायनल २", "फायनल नवा". तो पंधरा दिवस घरी होता आणि संघ पंधरा दिवस बसून होता. त्याचाही यात काही फायदा नव्हता. अंगात कणकण असताना त्याला फोनवरून पोर्ट विचारले जात होते.

जे करू नये

उभ्या राहणाऱ्या मुलांना काहीतरी द्यायचं म्हणून मी कामं काढली. संघाचा लोगो, टी-शर्टाचं डिझाइन, घोषणा, तक्ता. मुलांना खोटं काम पहिल्या दिवशी कळतं. सातवीतल्या एकाने तक्ता रंगवता रंगवता विचारलं, "बाई, हे नाही केलं तर रोबो चालेल ना?" मी हो म्हटलं. त्याने स्केचपेन खाली ठेवलं. मला त्याला पुन्हा उचलायला सांगवलं नाही.

रोबोला हात न लावता केलेलं सगळंच काम खोटं, असा याचा अर्थ नाही. फर्स्ट लेगो लीग या शाळकरी मुलांच्या रोबोटिक्स स्पर्धेत आम्ही उतरलो तेव्हा रोबोचा खेळ, रोबोची रचना, इनोव्हेशन प्रोजेक्ट आणि कोअर व्हॅल्यूज (संघ म्हणून एकमेकांशी कसं वागता) या चारही भागांना सारखंच वजन होतं. टेबलावरचा सामना अडीच मिनिटांचा, पण परीक्षकांसमोर अर्धा तास बोलायचं होतं. तिथे प्रोजेक्टसाठी कुणी तलावपाळीवर जाऊन माणसांशी बोलत असेल तर ते काम रोबोइतकंच खरं. फरक एवढाच, की ते काम स्पर्धेने मागितलेलं असावं, आपण रिकामे हात भरायला शोधलेलं नसावं.

आणखी एक गोष्ट आहे, ती मला जास्त लागते. "तुझं अक्षर छान आहे, तू नोंदवही सांभाळ." हे वाक्य मी तीन वर्षांत किमान चार मुलींना म्हटलं आणि एकाही मुलाला नाही. त्यांच्यापैकी एकीला मी वर्षाच्या शेवटी विचारलं, तुला रोबो चालवता येतो का? ती म्हणाली, "मला तो कसा चालतो ते लिहिता येतं." वर्षभर संघात राहून तिने एकदाही मोटर जोडली नव्हती आणि मी तिचं कौतुक करत होते. तेव्हापासून आमच्याकडे नोंदवहीला मालक नाही. ज्याने चाचणी घेतली तोच नोंद लिहितो, अक्षर कसंही असो. वहीची पानं आता दिसायला वाईट आहेत. परीक्षकांनी त्याबद्दल अजून तरी काही विचारलेलं नाही. ते मजकूर वाचतात.

जागा वाढवायच्या कशा

सगळ्यात जास्त उपयोग कशाचा झाला असेल तर खोट्या सांगाड्याचा. हा शब्द मुलांचाच. लेगोच्या सेटमधले उरलेले तुकडे घेऊन खऱ्या रोबोच्या पुढच्या भागाची हुबेहूब प्रत बनवायची: तीच उंची, तीच रुंदी, भोकं त्याच जागी, पण आत हब (प्रोग्राम चालवणारी पेटी, रोबोचा मेंदू) नाही की मोटर नाही. आमच्या रोबोची पुढची पट्टी पंधरा भोकांची आहे आणि लेगो टेक्निकमध्ये दोन भोकांतलं अंतर ८ मिलिमीटर असतं. कुठल्या चार भोकांत पिना बसणार हे आम्ही ऑगस्टमध्येच ठरवून भिंतीवर लावतो, आणि त्यानंतर त्या चार जागा बदलायच्या नाहीत. मग प्रत्येक जोडी आपापला हात, म्हणजे टेबलावरची वस्तू ढकलणारी, उचलणारी किंवा ओढणारी जोडणी, सांगाड्यावर बनवते. खरा रोबो टेबलावर धावत असताना तीन सांगाड्यांवर सहा मुलं काम करत असतात. हात तयार झाला की खऱ्या रोबोवर चढवून पाहायला दोन मिनिटं पुरतात. मोटरची गरज असलेल्या हाताला सांगाड्यावर दात्याचं चाक बोटाने फिरवायचं. बोटाला जड लागलं तर मोटरलाही जड जाणार, हे मुलांना आपोआप कळलं.

प्रोग्रामच्या बाबतीत आम्ही हबमधले कप्पे वाटून टाकले. आमचा सेट लेगोचा स्पाइक प्राइम, त्याच्या हबमध्ये प्रोग्राम ठेवायला ० ते १९ असे वीस कप्पे आहेत. प्रत्येक जोडीला दोन कप्पे, आणि दुसऱ्याच्या कप्प्यात हात घालायचा नाही. "फायनल नवा" नावाच्या फायली त्याच आठवड्यात संपल्या. कुणाचं काय बिघडलं हेही लगेच दिसायला लागलं. त्याची सुरुवातीला मुलांना थोडी भीती वाटली आणि नंतर अभिमान वाटला.

लेगोऐवजी आर्डुइनो, म्हणजे प्रोग्राम करता येणारा छोटा सर्किट बोर्ड, वापरत असाल तर गोष्ट आणखी सोपी आहे, कारण बोर्ड वाढवणं परवडतं. एक भारी मोटर घेण्याऐवजी तीन साधे बोर्ड घ्या. आमच्याकडे ग्रँट रोडला लॅमिंग्टन रोडवर, इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात, जाणं हाच एक कार्यक्रम असतो. ठाण्याहून लोकलने दादर, तिथे गाडी बदलून ग्रँट रोड. यादी मुलं करतात, भाव मुलं विचारतात. बोर्ड आणण्याआधी मात्र शाळेच्या कपाटात डोकावून या. २०१६ पासून अटल टिंकरिंग लॅब ही केंद्र सरकारच्या योजनेतली प्रयोगशाळा मिळालेल्या शाळांत सहावी ते बारावीच्या मुलांसाठी घेतलेलं साहित्य कुलूपात पडलेलं मी पाहिलं आहे. डेड स्टॉक रजिस्टरमध्ये, म्हणजे शाळेच्या सामानाच्या वहीत, नोंद आहे, हरवलं तर भरून कोण देणार, या भीतीने कपाट उघडत नाही. मुख्याध्यापकांशी बसून हे एकदा सोडवून घ्यावं लागतं. आम्ही तारीख, वस्तू आणि मुलाची सही अशी एक साधी वही ठेवली आणि किल्ली माझ्याकडे आली.

ज्याला येतं त्याचे हात मागे

जागा वाढल्या तरी लॅपटॉपपुढे पुन्हा तेच दोघं बसतात. त्यावर एक नियम केला: जोडीतल्या ज्याला जास्त येतं त्याने कीबोर्डला हात लावायचा नाही. त्याने बोलायचं, दुसऱ्याने करायचं. पंधरा मिनिटांनी घड्याळ वाजलं की जोडीतल्या जागा नव्हे, जोडीच बदलायची. आमच्या नववीतल्या त्या मुलाला हे फार जड गेलं. सहावीतली मुलगी प्रोग्रामचा एक ब्लॉक (सूचनेचा तयार ठोकळा) शोधायला अर्धं मिनिट घ्यायची आणि याचे हात शिवशिवायचे. शेवटी तो खरोखरच हात पाठीमागे बांधून उभा राहायला लागला आणि ते पाहून बाकीच्यांनीही तेच सुरू केलं.

पहिले तीन आठवडे काम निम्म्यावर आलं. हे आधी माहीत असू द्या, नाहीतर दुसऱ्या आठवड्यात तुम्हीच नियम मोडाल. चौथ्या आठवड्यात त्या मुलीने त्याला विचारलं, "दादा, हेच तीनदा कशाला लिहायचं? एक ब्लॉक बनवून तोच वापरला तर?" त्याने मला नंतर सांगितलं, की समजावून सांगताना त्याला स्वतःच्याच प्रोग्राममधल्या दोन चुका सापडल्या होत्या.

मोजणं हे पूर्ण वेळचं काम आहे

संघांमध्ये या कामाला कुणी नेमत नाही, म्हणून यावर थोडं जास्त लिहिते.

स्पाइकच्या चाकाचा व्यास ५६ मिलिमीटर. परीघ म्हणजे व्यास गुणिले पाय (π), साधारण १७.६ सेंटिमीटर. ७० सेंटिमीटर जायचं तर जवळजवळ चार फेरे. हे गणित सातवीतल्या दोघींनी केलं आणि रोबो बरोबर थांबणार म्हणून खडूने खूण केली. दहा वेळा सोडला, दहा वेळा वेगळीकडे थांबला. लांबीत फारसा फरक नव्हता, पण बाजूला कधी एक, कधी दोन सेंटिमीटर. लॅपटॉपवाले लगेच प्रोग्राम बदलायला निघाले. या दोघींनी त्यांना थांबवलं, कारण प्रोग्राम तोच असताना उत्तर बदलत होतं. त्यांनी रोबो ठेवणाऱ्याचे हात पाहायला सुरुवात केली. सुरुवातीला रोबो एका अंशाने तिरपा ठेवला तर ७० सेंटिमीटरवर तो सव्वा सेंटिमीटर बाजूला जातो. डोळ्यांना एक अंश कळत नाही. मग त्यांनी टेबलाच्या कडेला टेकवायची काटकोनी पट्टी बनवली, रोबो तिला चिकटवून ठेवायचा आणि पट्टी काढून घ्यायची. फरक अर्ध्या सेंटिमीटरच्या आत आला. त्या दोघी आल्या नसत्या तर काय अडलं असतं, याचं उत्तर आता त्यांच्या नावापुढे लिहिता येतं.

मोजणीसाठी लॅपटॉप लागत नाही, सेट लागत नाही. एक टेप, खडू, वही आणि तेच ते दहादा करायची चिकाटी. अशी चिकाटी बडबड्या मुलांपेक्षा गप्प मुलांत जास्त सापडते, असा माझा अनुभव आहे.

असाच एक मुलगा होता, आठवीतला. वर्षभरात मी त्याचा आवाज पाच-सहा वेळा ऐकला असेल. त्याला संघात सगळ्यांसमोर विचारलं की तो "चालेल" म्हणायचा. एकदा जिन्यात एकट्याला विचारलं, तुला काय बघायला आवडतं? म्हणाला, मल्टिमीटर. म्हणून त्याच्याकडे बॅटरी दिली. तेव्हा आमचा रोबो आर्डुइनोचा होता, दोन १८६५० सेल (पुन्हा चार्ज होणारे लिथियमचे) एकापुढे एक जोडलेले. पूर्ण भरले की ८.४ व्होल्ट. वळायचं कसं, तर अमुक इतके मिलिसेकंद मोटर चालू ठेवायची. तो रोज प्रत्येक फेरीआधी व्होल्टेज लिहायचा आणि फेरी नीट झाली की नाही ते लिहायचा, दुसरं काही नाही. तीन आठवड्यांची पानं पुढ्यात ठेवली तेव्हा दिसलं, की व्होल्टेज ७.५ च्या खाली गेलं की वळण अपुरं पडतं. सेल उतरला की मोटर हळू फिरते आणि तेवढ्याच मिलिसेकंदांत कमी वळते. त्यात मोटरला वीज देणाऱ्या आमच्या एल२९८एन ड्रायव्हरमध्येच दोनेक व्होल्ट जात होते. तोवर प्रोग्रामवाली मुलं रोज आकडा बदलत होती, सकाळी वाढवायचा, संध्याकाळी कमी करायचा. त्या वह्यांनी रोबो लगेच सुधारला नाही. चाकाला एन्कोडर (चाक किती फिरलं ते मोजणारा भाग) बसवून नीट चालायला आणखी महिना गेला. पण कुठे बघायचं ते कळलं.

अर्धवट येणारी मुलं

मंगळवार-गुरुवार क्लास, कुणाला कळव्याला जायची बस, कुणाला धाकट्या भावाला दुपारच्या सत्राला सोडायचं. ही मुलं सगळ्यात आधी गळतात, कारण आल्यावर त्यांना अर्धा तास "काय चाललंय" हेच विचारत फिरावं लागतं. निघताना प्रत्येक जोडीने एक चिठ्ठी सांगाड्याला अडकवायची: काय झालं, काय अडलं, पुढे काय करायचं. तीन ओळी. जो उशिरा येतो तो चिठ्ठी वाचून कामाला लागतो. याशिवाय यावर माझ्याकडे फार काही नाही. ज्याला आठवड्यातून एकच दिवस जमतं त्याला मोजणीची एक पूर्ण चाचणी द्यावी, अर्धा हात देऊ नये.

शेवटचे दहा दिवस

सगळं नीट बसवलेलं इथे मोडतं. चौथ्या वर्षी अडचण परत आली ती इथूनच. स्पर्धा जवळ आली, ज्याला येतं त्याने सगळं हातात घेतलं, मीही गप्प राहिले आणि पालकांच्या ग्रुपवर "जे चांगले आहेत त्यांनाच करू द्या" असे मेसेज यायला लागले. जानेवारीत दहापैकी चार मुलं होती.

आता आम्ही दोन गोष्टी नोव्हेंबरमध्येच कागदावर लिहून मुख्याध्यापकांची सही घेतो. पहिली, स्पर्धेच्या चार दिवस आधी प्रोग्राममध्ये बदल बंद; त्यानंतर फक्त सराव. नवं काही सुचलंच तर पुढच्या वर्षीच्या पानावर लिहायचं. दुसरी, टेबलापाशी कोण उभं राहणार हे सरावाच्या नोंदींवरून ठरणार. ज्या जोडीचा हात जास्त वेळा चालला ती जोडी आपला हात चालवणार, मग ती सहावीतली का असेना. यात गुण जाऊ शकतात. गेल्या वर्षी एका फेरीत गेलेही, सहावीतल्या मुलाची पट्टी घाईत तिरपी लागली. नववीतला दादा तिथे असता तर कदाचित लागली नसती. तरीही मी तेच करेन. शाळेने दहा मुलांची नावं लिहून घेतली होती, दोघांची नाही, आणि पालकांच्या सभेत मी हे याच शब्दांत सांगते.

संघ फारच मोठा असेल तर एकच रोबो घेऊन ओढाताण करू नका. फर्स्ट लेगो लीगच्या चॅलेंज गटात एका संघात जास्तीत जास्त दहा मुलं चालतात, वर्ल्ड रोबोट ऑलिम्पियाडमध्ये संघच दोन किंवा तीन जणांचा असतो. दुसऱ्या प्रकारात सोळा मुलं म्हणजे सहा छोटे संघ, आणि त्याला पुरेसे सेट लागतात. तेवढे नसतील तर जुलैतच नाव नोंदणी थांबवा. नोव्हेंबरमध्ये मूल स्वतःहून गळण्यापेक्षा ते बरं.

यंदाचा कागद लॅबच्या कपाटाच्या दारावर आतून चिकटवला आहे. दहा नावं, प्रत्येकासमोर "आलं नाही तर काय अडेल". आज आठ नावांपुढे काहीतरी लिहिलेलं आहे. दोघांपुढे नाही. त्यांतल्या एकाला मी परवा जिन्यात गाठलं, त्याला तारा सोलायला आवडतात म्हणाला. दुसरीशी गुरुवारी बोलणार आहे.